मनगटावरची हळद

काका माणसाचा चेहरा नंतर बघायचे. आधी नखं.

रामघाटाच्या गल्लीत समोरून कुणी हात जोडत आला की ते त्या जोडलेल्या हातांकडे बघतच "बरंय ना?" असं विचारायचे. ही चौकशी माणसाची की नखांची, हे कळायला काही वर्षं जावी लागत. भाचीसाठी स्थळ बघून आले तेव्हा घरच्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? काका म्हणाले, "चांगला आहे. डाव्या करंगळीचं नख वाढवलंय. का, ते विचारून घ्या." लग्न झालं, पण त्याआधी ते नख गेलं.

आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. पाठीमागे मात्र ते 'पासकाका' होते. आयुष्यभर त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात तपासनिसाचं काम केलं. इंजिनाचा तयार भाग मोजायचा, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, पटलं तर त्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका लावायचा. ठिपका नाही तर तो भाग पुढे जात नसे. निवृत्तीनंतर आमच्या मंडळाच्या दत्तजयंतीच्या महाप्रसादाची वाढप त्यांच्याकडे आली आणि तो पिवळा ठिपकाही त्यांच्याबरोबर आला. फक्त रंगाऐवजी ओली हळद. "चुकून पडली तरी वरणातच पडेल," असं त्याचं स्पष्टीकरण होतं.

पंगतीच्या सकाळी धर्मशाळेच्या पायरीवर काका स्टीलची वाटी घेऊन बसत. वाढायला येणाऱ्यांनी रांगेत उभं राहायचं. कुणी बँकेतला, कुणी विद्यापीठातला, कुणी पौरोहित्य करणारा, बायका, कॉलेजातल्या मुली, सगळे एकाच रांगेत. प्रत्येकाला तीनच प्रश्न. नखं? जखम? पोट? पास झाला तर उजव्या मनगटावर हळदीचा ठिपका. ठिपका नसलेल्या माणसाला आचारी भांडं देत नसे.

नखं वाढलेली असली तर नेलकटरही तिथेच मिळायचा. तो काकांच्या जानव्याला बांधलेला असे. लोक जानव्याला किल्ली बांधतात, यांनी नेलकटर बांधला होता. थंडीच्या दिवसांत जानवं लोकरी बंडीवर गळ्याशी ओढून घेतलेलं असायचं. दोरा फार लांब नव्हता, आणि काका तो सोडून देत नसत. त्यामुळे नखं कापायची म्हणजे त्यांच्यासमोर एक पायरी खाली उभं राहून, त्यांच्या छातीशी वाकूनच. बनारसच्या मराठी समाजातल्या भल्याभल्यांनी तसं वाकून नखं कापली आहेत. एकदा आमचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त प्राध्यापक, कुरकुरले, "अहो काका, दोरा जरा वाढवा की." काका म्हणाले, "नखं कमी करा."

पास झालेल्यालाही वाटेल ते वाढता येत नसे. पहिल्या वर्षी मीठ. चमच्यानं, पानाच्या वर, चिमूटभर. दोनतीन वर्षं मीठ नीट वाढलं की लिंबू-चटणी, मग कोशिंबीर, मग भाजी, वरण, भात. सगळ्यात शेवटी लाडू. कारण बाकी सगळं चमच्यानं किंवा पळीनं वाढतात, पाकातला लाडू हातानं. "ज्याचा हात थेट पानात जातो तो सगळ्यात जुना माणूस पाहिजे," असं त्यांचं गणित होतं. हसणारे हसायचे. मी हसलो नाही. मी लाडवाची वाट बघत होतो.

त्यांच्या या तपासणीला काहीजण सोवळं समजायचे. मीही आधी तसंच समजत होतो. एका वर्षी वाढणारी माणसं कमी पडली, तेव्हा घाटावरचा एक नाववाला रांगेत येऊन उभा राहिला. बालाजी घाटाकडून म्हाताऱ्या माणसांना तो आपल्या नावेतून फुकट आणून सोडायचा. रांगेतले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "काका, हा पंगतीत वाढणार?"

काकांनी नाववाल्याचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "मी नखं विचारतो. तुम्ही काय विचारताय ते जरा मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू दे."

नाववाल्याला काका म्हणाले, "पेट ठीक है?"

"एकदम फिट, चाचा."

"दो दिन से?"

"दो साल से."

हळद लागली. त्या दिवशी त्यानं मीठ वाढलं. आता तो भात वाढतो.

आणि एक सांगायचं राहिलं. एका वर्षी काकांना खोकला होता. सगळ्यांची तपासणी झाल्यावर ते उठले, स्वतःच रांगेच्या जागी जाऊन उभे राहिले आणि रिकाम्या पायरीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "नखं? ठीक. जखम? नाही. पोट? ठीक. घसा?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "नापास." मग पूर्ण पंगतभर ते बाहेर पायरीवर पंच्यानं तोंड झाकून बसले आणि खिडकीतून खुणा करत राहिले. तिसऱ्या ओळीत वरण. पाचव्या पानाला पोळी. आम्ही आत हसून बेजार. मला तो प्रसंग अनेक वर्षं फक्त गमतीचा वाटत होता.

मग ते प्रमाणपत्राचं आलं.

सार्वजनिक जेवणावळी घालणाऱ्या संस्थांना खाद्य विभागाकडून पत्र आलं. अन्न हाताळणाऱ्यांचं प्रशिक्षण झालेलं असावं, आणि निदान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक पंगत होईपर्यंत जागेवर हजर असावा. वर्षातून एक दिवस हौसेनं वाढणाऱ्यांना हे लागू आहे की नाही, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. बैठकीत तासभर चर्चा झाली. एकजण म्हणाले, आम्ही काय हॉटेल चालवतो? दुसरे म्हणाले, पण उद्या काही झालं तर? शेवटी ठरलं, सगळ्यांना पाठवणं शक्य नाही, दोघांना पाठवू. काका, कारण वाढप त्यांची. आणि मी, कारण मी मंडळाचा चिटणीस, बँकेत नोकरी, फॉर्म भरायची सवय.

शहरात सिगऱ्याला एका हॉटेलच्या सभागृहात एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. हलवाई, चाटवाले, गुरुद्वारातले दोघे सेवेकरी, आणि आम्ही. शिकवायला लखनौहून आलेली एक तरुण मॅडम. चांगलं शिकवत होती. काका पहिल्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवत होते. आजारी माणसानं अन्नाला हात लावू नये, पोट बिघडलं असेल तर थांबल्यावरही पूर्ण दोन दिवस लांब राहावं, हे पडद्यावर आलं तेव्हा काकांनी माझ्याकडे वळून असं बघितलं, जणू त्यांचाच पगार वाढला होता.

मग त्यांनी हात वर केला. "मॅडम, एक बात. नाखून हम देख लेंगे. घाव भी देख लेंगे. पेट कैसे देखें?"

"दादाजी, उसका फॉर्म होता है. आदमी खुद लिखकर देता है कि मैं ठीक हूँ."

"और झूठ लिख दे तो?"

मॅडम हसली. "फिर तो भगवान ही मालिक है."

काका मला हळूच म्हणाले, "म्हणजे यांच्याकडेसुद्धा शब्दच आहे." त्यांना त्याचं समाधान वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही.

शेवटी परीक्षा होती. चार उत्तरांपैकी एकावर खूण. हात किती सेकंद धुवावेत, या प्रश्नाला काकांनी चारही उत्तरं सोडून शेजारी लिहिलं, 'हाथ देखकर'. असे त्यांनी बरेच प्रश्न सोडले. जे पटलं नाही तिथे खूण नाही. मॅडम बिचारी त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "दादाजी, आपको सब आता है. कहीं भी टिक कर दीजिए, हम पास कर देंगे."

काका खुर्चीवरून उठलेच. "बिना देखे पास?" म्हणाले. "नहीं बेटी. रहने दो."

तर काका नापास झाले आणि मी पास. माझं एकच उत्तर चुकलं होतं. दोन दिवसांच्या प्रश्नाचं बरोबर आलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी माझं पोट बिघडलं. रात्रभर चाललं, पहाटे थांबलं. बायकोनं जिऱ्याचं पाणी करून दिलं आणि म्हणाली, "आज नका जाऊ."

मी म्हणालो, "माझ्या नावाचा कागद आहे. मी नसलो तर पंगत होणार नाही. विभागाचा माणूस येणार आहे बघायला."

ते खरं होतं. पण अर्धंच. पर्यवेक्षकानं जागेवर हजर असायचं होतं. कोपऱ्यात खुर्ची टाकून, कशालाही हात न लावता मी बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. कागद लागत होता, माझे हात लागत नव्हते. पण आठ दिवसांपूर्वीच काकांनी मला सांगितलं होतं, "या वर्षी लाडू तू." अकरा वर्षं मी मीठ, चटणी, कोशिंबीर करत तिथवर आलो होतो. गळ्यात प्रमाणपत्राचं कार्ड आणि हातात लाडवाची परात. माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात तेवढंच मिरवायला मिळतं, असं मला तेव्हा वाटलं.

रांगेत माझी पाळी आली. विभागाचा माणूस दारातच कागद चाळत उभा होता. काकांनी माझी नखं बघितली. "नमुनेदार," म्हणाले. जखम नव्हती.

"पोट?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी नखांनंतर माझा चेहराही बघितला, हे मला आठवतं. मग बोट हळदीत बुडवून माझ्या मनगटाला लावलं. मी हात साबणानं धुतले, हातमोजे चढवले. पाकातल्या लाडवांना मोजे चिकटायला लागले, तेव्हा दुसऱ्या ओळीत मी ते काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून फोन यायला लागले. पंगतीला अडीचशे पान होतं, त्यातली बरीच घरं आजारी पडली. उलट्या, जुलाब. बहुतेक दोन दिवसांत उठले. पाठशाळेच्या गल्लीतल्या माई ऐंशीच्या पुढच्या होत्या, त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी नारळपाणी घेऊन भेटायला गेलो. सलाईन लावलेल्या हातानं त्यांनी माझा हात धरला. "सगळ्यांत तूच एक आलास बघ विचारायला," म्हणाल्या. माई पाचव्या दिवशी घरी आल्या. पण ते वाक्य मला आजही जेवताना आठवतं.

विभागानं अन्नाचे नमुने नेले होते, त्यांत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे कुणाच्या तरी हातून पसरलेलं दिसतं. मग विभागानं विचारलं, वाढणाऱ्यांची तपासणी कोणी केली?

त्याचं उत्तर चिटणिसानं लिहायचं होतं. मी लिहिलं. 'वाढणाऱ्यांची तपासणी ज्या ज्येष्ठ सभासदांनी केली, त्यांचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं नव्हतं.' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. इतकं वाईट वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

बैठकीत ते वाचून दाखवलं गेलं. काका समोरच सतरंजीवर बसले होते. एकजण म्हणाला, "हळदीनं काय जंतू मरतात का हो? हा खेळ आता पुरे." दुसरा म्हणाला, "आमचा चिटणीस शिकून आला, त्याच्यावर सोपवायला हवं होतं सगळं."

अध्यक्षांनी संकोचत विचारलं, "काका, तुमचं काही म्हणणं?"

काका म्हणाले, "पास मी केलं. चूक माझी."

एवढंच. उठले, पंचा खांद्यावर टाकला, चपला घातल्या आणि गेले. मी पुढचा विषय वाचायला घेतला. तंबूभाडं होतं बहुतेक.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "तुम्ही बोललात?" मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं असतं तर सोपं झालं असतं.

पुढची दोन वर्षं महाप्रसाद झाला. वाढणाऱ्यांकडून छापील फॉर्म भरून घेतला जायचा. 'मी निरोगी आहे', खाली सही. मी त्या फॉर्मांची फाइल ठेवत होतो. मी वाढत नव्हतो, पर्यवेक्षकाला काम असतं असं सांगायचो. काका यायचे, पण जेवायला. शेवटच्या ओळीत, भिंतीशी. कुणी वाढायला वाकलं की त्यांची नजर पानावर नाही, वाढणाऱ्याच्या बोटांवर. दुसऱ्या वर्षी भाजी वाढणाऱ्या मुलीला त्यांनी हळूच काहीतरी सांगितलं. ती लाजून बाहेर गेली आणि बोटाला पट्टी बांधून घेऊन आली, मग वाढायला न जाता पाण्यासाठी मातीचे कुल्हड मांडायला लागली. फॉर्मवर तिची सही होती.

ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो.

त्यांची खोली रामघाटावर दुसऱ्या मजल्यावर होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी जबलपूरला. खिडकीला माकडांसाठी जाळी, आतल्या बाजूला एकच खाट आणि एक टेबल. टेबलावर ती स्टीलची वाटी पालथी घातलेली होती. मी येताना वाक्यं ठरवून आलो होतो. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"काका, त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं."

ते खिडकीपाशी बसून कुल्हडातला चहा पीत होते. म्हणाले, "माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या ओठांनी. कोरडे पडले होते. डोळे आत गेले होते. चाळीस वर्षं लोखंड ठोकून बघितलंय मी, आवाज कळतो."

"मग हळद का लावलीत?"

त्यांनी कुल्हड खाली ठेवला. "तुझ्याकडे कागद होता. तुला थांबवलं असतं, तर तू दुखावला असतास, घरी निघून गेला असतास, आणि दारात तो माणूस उभा. पंगत मोडली असती. आत अडीचशे पान मांडलेलं. मला तुझं 'ठीक' हवं होतं, म्हणून मी ते घेतलं. कारखान्यात साहेबांच्या सांगण्यावरून कधी पिवळा रंग लावला नाही. इथे एका कागदाला हळद लावली." मग म्हणाले, "बैठकीत मी खरंच बोललो होतो. चूक माझीच. तुला वाचवायला बोललो, असं तुला वाटलं का?"

मला तसंच वाटलं होतं. दोन वर्षं मी त्या उपकाराखाली दबून वावरत होतो. तो उपकार नव्हताच. ते फक्त स्वतःच्या वाटचं बोलले होते. माझ्या वाटचं अजून शिल्लक होतं.

"मला माफ करा, काका."

"मी लाडू खाल्ला नव्हता," ते म्हणाले. "मला गोड चालत नाही. ज्यांनी खाल्ला त्यांना सांग. आणि शब्द जिथे दिलास तिथेच परत घे."

"रांगेत?"

"रांगेत."

मी म्हणालो, "रांग आता होत नाही. तुम्ही वाटी घेऊन पायरीवर बसलात तर सांगेन."

"अटी घालतोस होय रे?" काका म्हणाले. पण हसले. बैठकीनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मंडळात मी विषय काढला. फॉर्म राहू देत, पण काकांची रांगही हवी. लगेच कुणीतरी म्हणालं, "त्यांच्याकडे सर्टिफिकेट कुठेय?" मी म्हणालो, "माझ्याकडे आहे. पर्यवेक्षक मी आहे, तपासायला कुणाला बसवायचं ते मी ठरवतो, लिहून देतो." मी इतक्या चढ्या आवाजात कधी बोललो नव्हतो, म्हणून असेल, किंवा थंडीत सकाळी पायरीवर बसायला दुसरं कोणीच तयार नव्हतं म्हणून असेल, ठराव झाला.

पुढच्या दत्तजयंतीला गंगेवर धुकं होतं. काका वेळेआधीच येऊन बसले होते. लोकरी बंडी, त्यावर जानवं, जानव्याला नेलकटर, मांडीशी वाटी. ते बरेच वाकले होते. रांगेत आम्ही सतराजण होतो. माझ्यापुढे तो नाववाला, मागे पट्टीवाली मुलगी, तिच्यामागे अध्यक्ष. विभागाकडून त्या वर्षी कोणी आलं नव्हतं.

नाववाला पास झाला. मी पुढे झालो.

"पोट?" काकांनी विचारलं. माझ्या बाबतीत त्यांनी क्रम बदलला होता.

मी बोलायला लागलो, पण आवाज फक्त त्यांच्यापर्यंतच पोचला असावा, कारण ते म्हणाले, "मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे."

मी रांगेकडे वळलो. "तीन वर्षांपूर्वी सगळे आजारी पडले, ते माझ्या हातून. माझं पोट बिघडलं होतं. मला नियम माहीत होता. काकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि लाडू वाढले. नंतर विभागाला पत्र लिहिलं तेही मीच."

आत आचाऱ्याची कढई वाजत होती. अध्यक्ष जमिनीकडे बघत होते. नाववाला मनगटावरची हळद वाळायची वाट बघत होता, तो हात तसाच अधांतरी धरून उभा राहिला. पट्टीवाली मुलगी, जिला मी नावानंही ओळखत नव्हतो, हळूच म्हणाली, "आमची आई पण आजारी होती तेव्हा." रागानं नाही. नुसतं सांगितलं.

"हो," मी म्हणालो.

काकांनी विचारलं, "आणि आज?"

"आज ठीक आहे."

"दोन दिवस?"

"आठ दिवस."

"हात दाखव."

मी हात पुढे केले. काकांनी ते उलटे केले, डोळ्यांजवळ नेऊन बघितले. त्यांना आता कमी दिसत होतं.

"नखं वाढलीत," ते म्हणाले.

खरंच वाढली होती. सगळी सकाळ मी वाक्यं पाठ करण्यात घालवली होती. काकांनी नेलकटर पुढे केला. दोरा तेवढाच होता. मी पायरीखाली उतरलो, त्यांच्या छातीशी वाकलो आणि एकेक नख कापायला लागलो. त्यांनी माझा हात मनगटाशी धरून ठेवला. लोकरीला कापराचा वास येत होता. बाकीची सोळा माणसं उभी होती आणि दहा बोटं संपायला किती वेळ लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"झाली?"

"झाली."

"आता नळावर जाऊन हात धू. आणि रांगेत शेवटी उभा राहा."

मी हात धुतले. शेवटी उभा राहिलो. पुन्हा पाळी आल्यावर त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं. नखं, जखम, पोट. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग त्यांनी हळद लावली.

काका त्यानंतरच्या चैत्रात जबलपूरला मुलीकडे गेले. वाटी माझ्याकडे ठेवून. तिथेच ते वारले. या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांच्यावर दोन पानं लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. मग लक्षात आलं, त्या दिवशी रांगेत सतराजण होते आणि लाडू अडीचशे पानांवर वाढला गेला होता. बाकीच्यांना सांगायचं अजून राहिलं आहे. म्हणून हे लिहिलं.

हळद लावून झाल्यावर मी विचारलं होतं, "काका, काय वाढू?"

"मीठ," ते म्हणाले.

मी आत गेलो. आचाऱ्यानं मनगट बघून मिठाची वाटी आणि चमचा दिला. पानं मांडलेली होती. मी पहिल्या पानाशी वाकलो.